तलवारी-बिलवारींबद्दल थोडं : शिवजयंती मंडळांना एक खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, पदाधिकारी आणि कार्यकर्ते,
सर्व शिवजयंती उत्सव मंडळे,
अहिल्यानगर जिल्हा



फेब्रुवारी जवळ आला की तुमच्या बैठका सुरू होतात. वर्गणी, मूर्ती, मिरवणुकीचा मार्ग, डीजे लावायचा की ढोल-ताशा, पाहुणा कोण आणायचा, फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा, यावर मध्यरात्रीपर्यंत खल होतो. मर्दानी खेळांच्या पथकाचा विषय मात्र एका वाक्यात निकाली निघतो : 'त्यांना फोन करा, म्हणावं तलवारी-बिलवारी घेऊन या.' माझं भांडण या 'तलवारी-बिलवारी'शी आहे.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. पोरांना लेझीम, लाठी आणि फरी-गदका शिकवण्यात सगळी नोकरी सरली. त्यामुळे 'याला आपल्या परंपरेचं वावडं आहे' असा शेरा मारून हे पत्र बाजूला ठेवू नका. मर्दानी खेळ वाढले याचा मला तुमच्याइतकाच आनंद आहे. १९ फेब्रुवारी झाली, मग तिथीची जयंती झाली, ३१ मेला चोंडीला अहिल्यादेवींची जयंती, ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक दिन. वर्षभर कुठे ना कुठे पट्टा फिरतोच. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, तेव्हापासून हौशी पथकांना आणखी हुरूप आला आहे. त्या यादीत आपल्या जिल्ह्यातला एकही किल्ला नाही, हे वाईट वाटून घ्यायचं तर घ्या. पण भुईकोटाच्या गावाला लढाईचा इतिहास बाहेरून आणावा लागत नाही. सगळ्यात आवडतं ते हे, की पूर्वी रिंगणाबाहेर उभ्या राहणाऱ्या मुली आता रिंगणात असतात आणि मुलांपेक्षा शिस्तीत खेळतात.

माझी पहिली तक्रार हत्याराबद्दलच आहे.

मिरवणुकीत चमकणाऱ्या तलवारी बहुतेक दोन जातींच्या असतात. एक सत्कारात देतात ती, लाल मखमली म्यानाची. ती भिंतीवर टांगण्यासाठीच केलेली असते. हातात घेऊन जरा हलवा, मुठीजवळ खुळखुळ ऐकू येईल. पात्याचं जे टोक मुठीत शिरतं ते बऱ्याचदा बोटभर रुंदही नसतं. कधी त्यावर आटे पाडून एक नट आवळलेला असतो, कधी वेल्डिंगचा नुसता एक टाका मारलेला असतो. पाहुण्यांनी उंचावून फोटो काढायला एवढं पुरतं. तीच तलवार दुसऱ्या तलवारीवर जोराने आपटली की सगळा हिसका त्या टाक्यावर येतो. टाका उचकला तर पोराच्या हातात मूठ राहते आणि पातं ज्या दिशेला निघालं होतं त्या दिशेला जातं. त्या दिशेला साधारणपणे पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली लहान मुलं असतात, कारण त्यांना नीट दिसावं म्हणून आपणच त्यांना पुढे बसवलेलं असतं.

दुसरी जात घराण्यातल्या तलवारीची. दसऱ्याला पूजा होते, एरवी माळ्यावर असते. हिचं पोलाद अस्सल, यात वाद नाही. पण आपल्याकडच्या जुन्या तलवारींची पाती मुठीत सहसा खिळ्याने ठोकलेली नसत, लाखेच्या मसाल्याने बसवलेली असत. शे-दोनशे वर्षांत तो मसाला वाळतो, तडकतो. माळ्यावरच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात तापून मऊ पडतो, पुन्हा आवळतो. वरून मूठ भक्कम दिसते, आत पकड राहिलेली नसते. 'आमच्या पणजोबांनी हिने मैदान गाजवलंय' हे खरं असेलही. म्हणून पणतूने ती मिरवणुकीत दुसऱ्या पात्यावर आपटावी असं नाही. तिला दसऱ्याचा मान राहू द्या.

दांडपट्ट्याची गोष्ट आणखी वेगळी. पट्ट्याच्या खोबळ्यात हात जवळजवळ कोपरापर्यंत जातो आणि आतला दांडा मुठीत धरला की मनगट बांधल्यासारखं होतं. तलवारीचा वार ऐन वेळी मनगटाने आवरता येतो. पट्ट्याचा येत नाही. तो खांद्यातून आणि कमरेतून फिरतो, एकदा निघाला की फेरी पुरी करूनच थांबतो. शिवाय पातं लवचीक. टोक नेमकं कुठून जाणार हे खेळणाऱ्यालाही बोटभर फरकानेच माहीत असतं. हाताची लांबी, साडेतीन-चार फुटांचं पातं आणि पवित्रा बदलताना टाकलेलं एक पाऊल यांची बेरीज करा, नऊ-दहा फूट होतात. त्यावर थोडी मोकळीक धरली, तर खेळणाऱ्याच्या चारही बाजूंना पंधरा फूट मोकळी जागा हवी, तीही तो जागच्या जागी खेळला तर. कापडबाजारासारख्या रस्त्यावर, एका बाजूला डीजेचा ट्रक आणि दुसऱ्या बाजूला दुकानांच्या पायऱ्यांवर चढलेली माणसं असताना, ही जागा तुम्ही कुठून काढता?

डीजेचा विषय निघालाच आहे. मर्दानी खेळाला हलगी लागते, कारण पवित्रा तिच्या ठेक्यावर पडतो. आणि तिच्या आवाजात वस्तादाची हाक ऐकू येते, हे त्याहून महत्त्वाचं. 'थांब' म्हटलं की दोघांनी हत्यार खाली करायचं, हा आखाड्यातला पहिला नियम. डीजेच्या भिंतीसमोर वस्तादाने कितीही घसा फोडला तरी दोन हातांवरच्या पोराला काही ऐकू जात नाही. तुमच्या गाण्याला माझा विरोध नाही. पथक रिंगणात उतरलं की पंधरा मिनिटं तेवढा तो ट्रक बंद ठेवा.

आता लिंबाबद्दल. डोळ्याला पट्टी बांधून एकजण तलवार घेऊन येतो, दुसरा उताणा झोपतो, त्याच्या पोटावर केळं किंवा मानेवर लिंबू ठेवतात, आणि गर्दी श्वास रोखते. झोपणारा हल्ली पुष्कळदा आठ-दहा वर्षांचा मुलगा असतो, कारण लहान पोर दिसलं की टाळ्या जास्त पडतात. मला एकच विचारायचं आहे. वार करणाऱ्याचं कसब लिंबू कापण्यात आहे ना? मग लिंबू केळीच्या खुंटावर ठेवा. खाली खुंट आहे म्हणून लिंबू जाडं होत नाही आणि वार सोपा होत नाही. खुंटाच्या सालीला धक्का न लागता लिंबाच्या दोन फाका झाल्या, तर जाणकाराला वस्तादाचा हात कळतो. पोराच्या मानेने त्या कसबात काहीही भर पडत नाही. पडते ती रीलच्या लाइकमध्ये.

तोंडात रॉकेल घेऊन जाळ काढण्याच्या प्रकारावर मी फार लिहिणार नाही. तो मर्दानी खेळ नव्हेच. रॉकेलचा एक घोट चुकून श्वासनलिकेत उतरला तर फुफ्फुसं सुजतात, आणि हे भाजण्याआधीच होऊ शकतं. रॉकेल मिळेना म्हणून कुणी पेट्रोल वापरू लागलं तर त्या मंडळाच्या अध्यक्षाने रुग्णवाहिका आधीच सांगून ठेवावी.

असं बोललं की एक ठरलेलं उत्तर येतं : 'सर, मावळ्यांनी कुठे हेल्मेट घातलं होतं?' गेल्याच वर्षी एका मंडळाच्या अध्यक्षांनी मला हेच ऐकवलं. बखरी काय सांगतात ते बघा. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज अफजलखानाच्या भेटीला गेले, तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होतं आणि मंदिलाखाली शिरस्त्राण. खानाचा वार त्या चिलखतावर खरखरला, म्हणून पुढचा इतिहास घडला. तुम्ही गणपतीत दरवर्षी हाच देखावा करता. खान पडतो, वाघनखं चमकतात, टाळ्या पडतात. चिलखताची गोष्ट कुणी सांगत नाही. महाराजांनी जिवावरचा प्रसंग नशिबावर सोडला नव्हता. भेटीची जागा, सोबतची माणसं, बाहेर दबा धरून बसलेली फौज, सगळं ठरवलेलं होतं. त्यांचं नाव घेऊन आपण न तपासलेलं पातं पोराच्या हातात देतो, हे मला कळत नाही.

आपल्याच परंपरेत सुरक्षिततेची किती सोय होती तेही पाहा. नवशिक्याच्या हातात तलवार कुणी देत नसे. आधी फरी-गदका : चामडं मढवलेली काठी आणि चामड्याची लहान ढाल. वार खरे, पवित्रे खरे, जिद्द खरी. जखम मात्र वळापलीकडे जात नाही. घोड्यावरून भाल्याचा सराव करायचा तर बोथाटी. काठीच्या टोकाला फाळाऐवजी गोळा, म्हणजे समोरच्याला टोचणार नाही. शहाण्या माणसांनी शेकडो वर्षांच्या अनुभवाने बसवलेली ही व्यवस्था होती. बडोद्याहून निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशात या सगळ्याची चित्रांसह नोंद आहे. आजची किती पथकं फरी-गदका खेळतात? मिरवणुकीत तो चमकत नाही, म्हणून वगळला गेला. तीन महिन्यांच्या शिबिरात पोरगं सरळ तलवारीवर येतं आणि प्रमाणपत्र घेऊन जातं. जुन्या आखाड्यात तीन महिने नुसते पाय टाकायला शिकवण्यात जात.

थोडं परमुलखातलंही सांगतो. युरोपात प्राचीन केल्ट आणि जर्मन टोळ्यांची युद्धं हौसेने पुन्हा उभी करणारे गट आहेत. इसवी सन ९मध्ये जर्मन टोळ्यांनी रोमन फौजेची वाताहत केली. ती लढाई जिथे झाली असं बहुतेक अभ्यासक मानतात, त्या काल्क्रीज गावातल्या संग्रहालयाच्या मैदानावर लोक टोळीवाले आणि रोमन होऊन एकमेकांवर धावतात. ढाली लाकडाच्या, अंगावर लोकरीचे कपडे, भाले, लांब तलवारी. लांबून पाहणाऱ्याला खरंच वाटावं. पण अशा खेळांत तलवारीला धार नसते. कडा दोन-तीन मिलिमीटर जाड आणि गोल केलेली, भाल्याचं टोक बोथट. खेळाआधी एकजण प्रत्येकाचं हत्यार हातात घेऊन कडेवरून बोट फिरवतो. आदल्या खेळात आपटून पडलेली खाच बोटाला लागली की ते हत्यार बाजूला, कानस मारून गुळगुळीत केल्याशिवाय आत येत नाही. तोंडावर टोक रोखायचं नाही, हा नियम. या लोकांचा त्या टोळ्यांशी दोन हजार वर्षांचा दुरावा आहे, शनिवार-रविवारची हौस आहे. तरी एवढी काळजी. आपण तर देव, देश आणि धर्माच्या नावाने उतरतो.

बोथट हत्यारसुद्धा पुरेसं नाही, हे जगाला १९८२मध्ये कळलं. रोममध्ये तलवारबाजीची जागतिक स्पर्धा होती. मॉस्को ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह पश्चिम जर्मनीच्या मॅथियास बेअरशी खेळत होता. खेळाची तलवार, टोक बोथट, तोंडावर जाळीचा मुखवटा, पंच समोर. बेअरचं पातं मोडलं आणि मोडकं टोक जाळी फाडून डोळ्यातून आत घुसलं. काही दिवसांनी स्मिर्नोव्ह गेला. कुणाचाही दोष नव्हता. मोडण्याच्या क्षणी बोथट पातं धारदार झालं, एवढंच. पण त्या खेळाच्या चालकांनी नशिबाला बोल लावून विषय मिटवला नाही. मुखवट्यांची मजबुती वाढवली, कपड्यांचं कापड बदललं, पात्यांचं पोलाद बदललं. जगज्जेत्याच्या खेळात पातं मोडतं, तर वेल्डिंगच्या टाक्यावरच्या तलवारीचा भरवसा आपण कुणाच्या जिवावर धरतो?

कायद्याचंही बोलू. शस्त्र नियम २०१६मध्ये तलवारी, भाले आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत आहेत. घरकामाची, शेतीची वगैरे अवजारं वगळलेली. शिवाय सणासुदीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे जिल्हा प्रशासनाचा मनाई आदेश निघतो. त्यात तलवारी, भाले, सुरे तर असतातच, काठ्या-लाठ्याही असतात. म्हणजे परवानगी नसेल तर लाठीचा साधा पवित्राही नियमाबाहेर. तलवारीने केक कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. मंडळाच्या कार्यक्रमाकडे पोलीस समजुतीने पाहतात, ते खेळाच्या मानामुळे. तो मान एका अपघाताने जाईल, आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या चांगल्या वस्तादांनाही हातात काही धरता येणार नाही.

इथे परवानगी देणाऱ्या साहेबांनाही दोन शब्द. मी पाहिलेल्या परवानगीपत्रांत आवाजाची मर्यादा होती, मार्ग होता, वेळ होती, स्वयंसेवकांची संख्या होती. हत्यारं कोणती, किती, धारेची की बिनधारेची, रिंगण केवढं, याबद्दल ओळही नव्हती. ती ओळ घाला. बंदी घालू नका. बंदीने खेळ गल्लीत जातो आणि तिथे वस्तादही नसतो.

नियमांनी मर्दानीपणा जातो, अशी भीती कुणाला वाटत असेल तर कुस्ती पाहा. २०२५च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरी आपल्याच शहरात झाली. पंचांच्या निकालावरून केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलं. पण वाद घालायला तिथे पंच तरी होता, वजनगट होते, नियमांचं पुस्तक होतं. म्हणून कुस्ती मवाळ झाली असं कुणी म्हणणार नाही. धारदार पात्यांच्या खेळाला मात्र आपल्याकडे पंच नाही, वयाची अट नाही, प्रथमोपचाराची पेटीही नाही. हळदीचा डबा असतो, भंडाऱ्यासाठी.

आणि आपल्या जिल्ह्याकडे एक गोष्ट आहे जी इतरांकडे सहसा नसते. हे फौजेचं गाव आहे. रणगाड्यांची शाळा इथे, यांत्रिक पायदळाचं प्रशिक्षण इथे, खारे कर्जुन्याच्या रेंजवरचे धमाके इथल्या पोरांनी लहानपणापासून ऐकलेले. नगर, पारनेर, श्रीगोंदा, कुठल्याही तालुक्यात गावात दोन-चार निवृत्त जवान सापडतात. त्यांच्यातल्या कुणाच्याही हातात रिकामी बंदूक द्या. ती रिकामी आहे हे माहीत असूनही तो आधी उघडून बघेल, नळी माणसांकडे जाऊ देणार नाही, मगच बोलेल. ही सवय त्यांच्या हाडात मुरलेली आहे. तुम्ही त्यांना जयंतीला बोलावता, शाल-श्रीफळ देता आणि व्यासपीठावर बसवून ठेवता. त्यांना खाली आणा. हत्यारांच्या पेटीजवळ उभं करा. पथक आलं की प्रत्येक पातं त्या माणसाच्या हातून जाईल, मूठ हलतेय का, कडेला खाच आहे का, तडा आहे का, हे तो पाहील, आणि तो 'नाही' म्हणाला की अध्यक्षांनीही 'नाही' म्हणायचं. पाहुण्यांचा आग्रह असला तरी.

बाकी मागण्या किरकोळ आहेत. आमनेसामने लढतीला धारेचं हत्यार नको. धारेचं हत्यार असेल तर ते एकट्याच्या प्रात्यक्षिकात, खुंटावरच्या लिंबावर. रिंगणाला दोरी बांधा आणि रील काढणाऱ्याला दोरीच्या आत येऊ देऊ नका. तो वार पाहत नसतो, स्क्रीन पाहत असतो. लढणाऱ्यांच्या डोळ्यांना आणि डोक्याला काही संरक्षण असू द्या. पथकाच्या मानधनात काटकसर करायची आणि डीजेला मागेल ते द्यायचं, हा हिशोब उलटा करा, म्हणजे वस्तादाला बरी हत्यारं घेता येतील. घोड्यावर बसवलेल्या बालशिवाजीच्या हातातली तलवार म्यानात राहू द्या. फटाक्याने घोडं बुजलं तर त्या पोराला दोन्ही हात लगामाला लागतात.

इतिहासाचं म्हणाल तर जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला ११ मार्च १७९५ला मराठ्यांनी निजामाला गाठलं, तो विजय तुम्ही भाषणात आणता. तिथे निकाल लागला तो तोफांनी, रात्री निजामाच्या छावणीत उडालेल्या घबराटीने आणि नंतर किल्ल्यात कोंडलेल्या फौजेच्या पाण्यावाचूनच्या हालांनी. देखाव्यात दाखवतो तशी तलवारींची खणाखणी तिथे फारशी नव्हती. तेव्हा यंदा खर्ड्याचा देखावा करणार असाल तर तोफांचा करा. खराही होईल आणि कुणाचं बोटही कापणार नाही.

ज्या मंडळाला हत्यारं तपासणारा माणूस मिळणार नाही, त्याने येत्या १९ फेब्रुवारीचा कार्यक्रम लाठी आणि फरी-गदक्यावरच करावा आणि तलवारी म्यानात ठेवाव्यात. फरी-गदका शिकवायला माणूस हवा असेल तर निरोप धाडा. मानधन नको, डीजे बंद हवा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
अहिल्यानगर